डिकीतला कंट्रोलर

अंजनी मेश्रामचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. पण छावणीच्या सदर बाजारातल्या फौजी घरांतल्या बायका तिच्याशिवाय कुणाकडे ब्लाउज टाकत नाहीत. शिवलेलं सैल झालं तर ती कापडाला दोष देत नाही. 'माप माझंच चुकलं' म्हणते आणि उसवायला घेते.

रांझीच्या घरून सदरमधल्या आपल्या शिलाईच्या दुकानात ती बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीनं जायची. ती गाडी तिनं स्वतःच्या शिलाईवर घेतली होती. घरून निघायची वेळ तिची, परतायची तिची. रविवारी वाटलं तर सरळ तिलवाऱ्याच्या घाटावर जाऊन नर्मदेकडे बघत बसायची. कुणाला विचारायला नको.

विजयादशमीला गाडी मिरवणुकीत न्यायची म्हणून तिच्या वडिलांनी, पुंडलिकबापूंनी, आदल्या दिवशी ती पाईप लावून धुतली. अगदी सीटखालूनही. चाकं चकाकली, पण गाडी जागची हलेना. पाणी कंट्रोलरमध्ये शिरलं होतं. बॅटरीची वीज मोटरला बेतानं देणारी ती तळहाताएवढी पेटी जळाली. गाडी बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. गाड्यांचा दुकानदार म्हणाला, मोटरसकट सगळंच बदला. आणि जो भाव सांगितला त्यात तिच्या आणखी दोन शिलाई मशिनी आल्या असत्या.

"मी धुंडतो स्वस्तातला," बापू म्हणाले. अंजनीनं जळका कंट्रोलर नमुना म्हणून पॉलिथिनमध्ये घातला, वरून लाल दोरा गुंडाळून शिंपिणीची गाठ मारली आणि त्यांच्या हाती दिला.

तेव्हापासून बापू तिला जुन्या स्कूटरवर सोडू लागले. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, पण सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याआधी तयार. दुकानाशी हात देऊन उतरवायचे, कुबडी द्यायचे, समोरच्या टपरीवर चहा घेत ओळखीपाळखी करायचे. संध्याकाळी अंधाराच्या आत न्यायला हजर. फौजी बायका मात्र याच वेळी माप द्यायला येत. गिऱ्हाईक दारात आणि बापू स्कूटरवर बसून हॉर्न वाजवताहेत, असं व्हायला लागलं. कंट्रोलरचं विचारलं की म्हणत, "फिरून राहिलो ना बाई, मिळून नाही राहिला."

थंडी पडली. एका सकाळी कानटोपी काढायला अंजनीनं स्कूटरची डिकी उघडली, तर पॉलिथिन तिथंच. लाल दोरा तसाच, गाठ तशीच. ती गाठ सोडून दुसऱ्यानं पुन्हा बांधली असती तर तिला कळलं असतं. कंट्रोलर कुणाला दाखवलाच नव्हता.

तिनं पुडकं आपल्या पिशवीत टाकलं. दुपारी दुकान बंद करून ई-रिक्षात बसली आणि रिक्षावाल्यालाच विचारलं, तुझी गाडी कोण दुरुस्त करतो? त्यानं तिला विजय नगरात भैयालाल मिस्त्रीकडे आणून सोडलं. भैयालालनं गाठ कापली, पेटीवरचा आकडा वाचला आणि म्हणाला की कंपनीचाच हवा असं काही नाही, व्होल्टेज जुळलं म्हणजे झालं. भंगारात निघालेल्या एका बॅटरीवरच्या स्कूटीचा चांगला कंट्रोलर त्याच्याकडे होता. वेग थोडा कमी होईल, मीटर चालणार नाही, एवढंच. भावही तिच्या आवाक्यातला होता.

"दीदी, पहले क्यों नहीं आईं?"

"जमलं नाही भैया," ती म्हणाली.

रविवारी तो घरी येऊन वायरी जोडू लागला. बापू पान्हे हातात घेऊन उभे राहिले. पहिल्यांदा चाक उलटं फिरलं. भैयालालनं वायरींची अदलाबदल केली, मग सुलटं फिरलं. तो पैसे घेऊन गेला.

"बापू, तुम्ही दाखवला नव्हता कोणाले," अंजनी हळूच म्हणाली.

बापूंनी पान्हे खाली ठेवले. हात पुसले.

"तू शाळेत जात होती तवा कारखान्याचा भोंगा वाजायच्या आधी मी घरून निघो. तुले कडेवर नेलं तुह्या मायनं. मी एक दिवस नाही नेलं. आता लोक म्हणून राहिले, अंजनीचे वडील आले. मले बरं वाटे."

"मंग मले सांगायचं होतं."

"सांगतो तर तू हो म्हटलं असतं. लाजेकाजेनं."

हे खरंच होतं. ती हो म्हणाली असती आणि मनातल्या मनात कुढली असती. तिनं कुबडी गाडीला अडकवली, सीटवर बसली, मूठ पिळून पाहिली. गाडी सावकाश पुढं सरकली. मीटरचा काटा शून्यावरच होता.

"मागं बसू का?" बापूंनी विचारलं. "सदरपर्यंत?"

अंजनीनं ब्रेक दाबला. त्यांच्याकडे पाहिलं. शर्टाला इस्त्री होती.

"आज नाही, बापू," ती म्हणाली. "आज मी एकटी जातो. तिलवाऱ्याले. उद्या सदरले चला, पण यायचं तुमचं तुम्ही पाहा. मले संध्याकाळी गिऱ्हाईक राहते."

बापू हसले. "ऑटोनं येईन," म्हणाले, आणि गाडीला वाट मिळावी म्हणून फाटक पूर्ण उघडून धरलं.