बांधाखाली लावलेली जीप

आमच्या यांचा जीव दोन ठिकाणी अडकलेला असायचा, एक गावाकडच्या वडिलांत आणि दुसरा जीपमध्ये. माझा नंबर त्यानंतर कधीतरी लागायचा, पण माझी फारशी तक्रार नव्हती. जीप लष्कराच्या छावणीतल्या लिलावात घेतलेली, रंग उडालेली, दरवाजे नसलेली. आम्ही मुकुंदवाडीला राहायचो. यांचा कारखाना चिकलठाण्याला, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि माझी बालवाडी पार हर्सूलला. तरी हे रोज सकाळी मला सोडायला यायचे. बायकोवरच्या प्रेमापोटी येतात असं शेजारणींना वाटायचं. जीप चालवायला निमित्त लागतं, हे मला माहीत होतं.

शहर तेव्हा भराभर वाढत होतं. काल जिथं ज्वारी होती तिथं आज पत्र्याची शेड उभी राहायची, आणि मेंढरं राखणाऱ्यांची पोरं डबा घेऊन पाळीवर जायची. आमचे हे त्यातलेच एक. विद्यापीठाच्या नामांतरावरून भिंती रंगलेल्या असायच्या. एका भिंतीवर झालंच पाहिजे, समोरच्या भिंतीवर होऊ देणार नाही. मोर्चा निघाला की दुकानं बंद आणि एसट्या डेपोत.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गावी एकटेच होते. अजिंठ्याच्या रस्त्यानं जाऊन आत वळलं की काळ्या मातीची गाडीवाट लागायची, मध्ये एक ओढा आणि पलीकडे गाव. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. कळप विकला तरी मामंजींच्या खांद्यावरचं घोंगडं आणि हातातली काठी सुटली नव्हती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एक डोळा तर गेल्यातच जमा. दुसरा पिकलाय, ऑपरेशनला आता वेळ लावू नका, नाहीतर तोही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

त्या पावसाळ्यात त्यांना आणायला गेलो आणि परतताना ओढ्यात जीपचं पोट चिखलाला टेकलं. चाकं नुसतीच फिरत राहिली. गावातून बैल आणून गाडी ओढली. त्याआधी गावातल्या दोघांनी मामंजींना पोत्यासारखं उचलून काठावर ठेवलं, आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी फिदीफिदी हसलं. मामंजींनी घोंगडं झटकलं आणि म्हणाले, "पाऊस सरू दे. मंग बघू." चाचपडत घरी गेले.

यांनी ते मनाला लावून घेतलं. जीप उंच करायची, ओढ्यात टेकता कामा नये, असं ठरलं. यांच्या मदतीला कारखान्यातले जोडीदार आले. त्यांना मी भाऊजी म्हणायचे. पुढे कित्येक रविवार दोघांचे पाय जीपखालून बाहेर आलेले असायचे आणि मी त्या पायांशी चहा नेऊन ठेवायची.

"चाकांवरच्या कमानीत पाटे वाढवू," हे म्हणायचे.

"वाढवू की. गाडी उंच व्हईल, पर कडक बी व्हईल," भाऊजी खालूनच ओरडायचे. "वहिनी, हर्सूलला जाता-येता हाडं मोजून घेत जा."

"मग कमान टांगायच्या कड्या, शॅकल, त्या लांब करू."

"मंग वळणावर गाडी लोळंल. मला न्हाई बसायचं तिच्यात."

टायरचं तर विचारू नका. मोठ्या खाचांचे टायर चिखलात धरतात, पण डांबरावर घुमतात, झिजतात आणि ब्रेकला घसरतात. आणि हे तर रोज डांबरावरच चालणार. फार मोठे घेतले तर वळताना मडगार्डला घासणार. दोघं दुकानादुकानात जाऊन टायरच्या खाचांत बोटं घालून बघायचे, वास घ्यायचे, घरी येऊन पुन्हा वाद घालायचे. मुलगी बघायला आले तेव्हा हे इतके चौकस नव्हते. शेवटी ठरलं ते असं. प्रत्येक कमानीला एकच पाटा वाढवायचा, टायर थोडे मोठे, मागे खोल खाचांचे आणि पुढे साधे.

जीप उंच झाली. पहिल्या दिवशी मी तिच्यापाशी उभी राहिले तर बसायची जागा माझ्या कमरेच्या वर. मग रोजचा तमाशा सुरू झाला. निऱ्या मुठीत धरायच्या, कडेवर पाय टेकायचा आणि यांनी वरून हात धरून ओढायचं. बालवाडी भरायच्या वेळी पोरं फाटकाशी गोळा व्हायची आणि मी खाली पोहोचले की टाळ्या वाजवायची.

थंडी पडल्यावर मामंजींना आणायला गेलो. ओढा सहज पार झाला, यांची छाती फुगली. मामंजी अंगणात आले, जीपवरून हात फिरवला, टायर चाचपला, "जनावर चांगलं हाय," म्हणाले. आणि मग म्हणाले, "शहरात लई गडबड हाय म्हणतेत. पुढच्या येळी येतो." पुढच्या वेळीही तेच. यांना वाटायचं म्हातारा चाकूला भितो. परतीच्या वाटेवर हे चिडून बोलत राहायचे. तो डोळा हातचा चालला होता, आणि त्या भीतीनं यांना रात्रीची झोप लागेना.

उंच जीप घेऊन तिसऱ्यांदा निघालो तेव्हा, पाटे कसे वागतात ते बघायला म्हणून भाऊजीही बरोबर आले. त्यांचं गाव त्याच वाटेवर पुढे होतं. नामांतराच्या दंगलीत त्यांचं घर जाळलं होतं. तेव्हापासून आई-वडिलांना घेऊन ते शहरात राहत होते आणि या रस्त्याला आले नव्हते. गाडी डांबर सोडून आत वळली तसे ते पुढे वाकून वाटेच्या दोन्ही बाजू बघू लागले.

अंगणात मामंजींनी पुन्हा तेच सुरू केलं. "शहरात गडबड हाय..."

भाऊजी हळूच म्हणाले, "बाबा, आमचं घर शहरात नाय जळलं. इकडंच जळलं. शहरात तर मी आता राहतो."

मामंजी थांबले. त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं. "व्हय रं लेकरा. खरं हाय तुझं," म्हणाले. "आम्ही घरात बसून राह्यलो तवा."

आता सांगायला निमित्त उरलं नव्हतं. मामंजी तसेच जीपला धरून उभे राहिले. त्यांचा हात कडेवरून आत गेला, बसायच्या जागेपर्यंत, आणि परत येऊन स्वतःच्या कमरेवर थांबला. पुन्हा तसंच. मी रोज नजरेनं उंची मोजायची, तेच ते हातानं करत होते. माझ्या एकदम लक्षात आलं. ना चाकूची भीती, ना गडबडीची. कडा दिसत नव्हती, पाय कुठं टाकायचा ते कळत नव्हतं, आणि समोर पारावर माणसं बसलेली. पुन्हा कोणी पोत्यासारखं उचललं असतं. आम्ही इतके रविवार खपून गाडी त्यांच्यासाठीच उंच केली, आणि तीच त्यांच्या आड आली होती. माझा जीव तुटला.

आता हे यांना सांगायचं कसं? सांगितलं असतं तर यांनी लगेच वडिलांना उचलायला हात पुढे केले असते. मीही मेंढरांच्याच घरातली. ट्रकात मेंढरं चढवताना ट्रक बांधाखाली लावतात आणि मेंढरं बांधावरून सरळ आत जातात, हे लहानपणापासून बघितलेलं.

मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "अहो, गाडी अंगणाशेजारच्या त्या बांधाखाली लावा. मला नाही चढता-उतरता येत तुमच्या गाडीत. साडी फाटेल एक दिवस."

हे वैतागले, पण लावली. मामंजी हसायला लागले. "बायकोला मेंढरागत चढवायलास व्हय रं?"

"मेंढरागतच, मामंजी," मी म्हणाले आणि बांधावरून मागच्या बाकावर गेले. भाऊजी माझ्या मागून. मामंजी काठी टेकवत बांधावर आले. काठी जीपच्या आतल्या तळाला लागली, सपाट, बांधाच्याच उंचीला. त्यांनी पाऊल टाकलं आणि पुढच्या जागेवर बसले. घोंगडं नीट केलं. "चला," म्हणाले, जणू आम्हीच उशीर लावला होता.

ऑपरेशन झालं, डोळा वाचला. मामंजी काही दिवस मुकुंदवाडीला आमच्याकडे राहिले, जाड भिंगाचा चष्मा आला, आणि मग गावाची ओढ लागली. सोडायला आम्ही दोघंच गेलो. ओढा ओलांडल्यावर हे आठवणीनं गाडी बांधाकडे वळवू लागले.

"तिकडं कामून? पारापाशी घे," मामंजी म्हणाले.

पारावर माणसं होतीच. मामंजींनी काठी खाली सोडून उंची बघितली, कडेवर पाय ठेवला आणि सावकाश उतरले. हे धावत येईपर्यंत ते जमिनीवर उभे होते. त्यांनी पाराकडे एकदा नीट बघून घेतलं. मग वळून मागच्या बाजूला आले, जिथं मी निऱ्या सावरत बसले होते. त्या भिंगांतून त्यांचे डोळे केवढे मोठे दिसत होते.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. त्यांचा हात धरायचा प्रश्नच नव्हता, आणि तोही अख्ख्या गावासमोर.

"ये पोरी," हात पुढे करून ते म्हणाले, "तुला उतरता येत नाय ना."

मी एका हातानं पदर धरला, दुसरा त्यांच्या हातात दिला आणि उतरले.