पाव तासाची वाट

बायकोला सांगितलं नाही, पोरांना नाही, शाळेच्या गुरुजींना तर नाहीच. मी तिसरी शिकलेला. लिहायला हात चालत नाही — तरी हे दुसऱ्याच्या हातानं लिहून घेण्यासारखं नाही, म्हणून मीच बसलोय.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. गावच्या शिक्षण समितीचा मी अध्यक्ष. तिसरी शिकलेला अध्यक्ष — हसा खुशाल, पण शाळेच्या दोन खोल्या मी उन्हात उभं राहून बांधून घेतल्यात. त्याचा ताठा मला होता. अजून आहे.

सात-आठ वर्षांमागं पुण्याहून एक बाई आल्या. सरकारनं शाळा कुठं, कशा काढाव्यात यावर अभ्यास करणाऱ्या. विद्वान, पण भुईवर बसून भाकरी खाणाऱ्या. त्यांचा प्रश्न एकच — ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीतल्या पोरी दुसरी-तिसरीतच शाळा का सोडतात? वस्ती म्हणत होती, लांब पडतं, आम्हाला इथंच शाळा द्या. बाई म्हणाल्या, मी पोरींबरोबर चालून बघते, घड्याळ लावून.

आता वाटा दोन. एक ओढा ओलांडून माझ्या रानाच्या बांधावरून, बांध संपला की शाळा. दुसरी पुलाकडून वळसा घालून, लहान पायांना तासाच्या वर. आणि बांधाची वाट — कसं सांगू — पेरणी झाली की मी बाभळीच्या काट्या टाकून बंद करायचो. ज्वारी तुडवतात, असं सांगायचो. तुडवत होती का? नाही. एकामागं एक बांधानंच जायची. वस्तीतल्यांनी रोज माझ्या रानातून जावं हे मला खपत नव्हतं. खरं ते एवढंच.

बाई चालणार त्या दिवशी, पोरी निघायच्या आधी, काट्या मी स्वतः काढल्या. का? बाईंच्या वहीत माझी नाचक्की जाऊ नये म्हणून.

मी पुढं, मागं बाई, त्यांच्यामागं पोरी. त्यात कोंडिबाची विमल, आठेक वर्षांची. कोंडिबा माझ्याकडंच कामाला. निम्म्या बांधावर ती म्हणाली,

"आबा, उद्या बी हितनंच यायचं का?"

बाई थांबल्या. मी हसलो.

"मंग रोज कुठनं येती गं? बाईंना बघून वाट इसरली व्हय?"

बाईही हसल्या. विमल खाली बघून चालू लागली.

शाळेशी बाईंनी घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं — पाव तास. वस्तीवरही त्यांनी विचारपूस केली. पण तिथं कोण बोलणार? अर्धी वस्ती माझ्याकडं मजुरीला. बाई दुपारच्या एसटीनं गेल्या. संध्याकाळी काट्या परत जागेवर.

पुढं बाईंचा लेख आला, मग पुस्तक. अडचण अंतराची नाही, पालकांच्या अनास्थेची आहे, असं त्यात होतं. अनास्था म्हणजे काय ते गुरुजींनी मला समजावलं. आमच्या गावाचा दाखला देऊन दुसऱ्यांनीही लिहिलं म्हणे. पुस्तकात सुरुवातीच्या पानावर आभार मानलेत, त्यात माझं नाव. ते पुस्तक मी जमिनीच्या कागदांबरोबर पेटीत ठेवलंय.

मग पारनेरला बैठक झाली, वस्तीवरच्या शाळांची. कोंडिबा उभा राहून म्हणाला, "सायेब, लांब पडतं." शिक्षण खात्याच्या साहेबांनी तेच पुस्तक उघडलं. म्हणाले, पाव तासाची वाट आहे, इथं छापलंय. तुम्हीच पोरींना धाडत नाही. कोंडिबानं माझ्याकडं बघितलं. मी पुस्तकाकडं बघत राहिलो. तोंड उघडलं असतं तर? — नाही उघडलं. वस्तीला शाळा मिळाली नाही. विमल तिसरीतून घरी बसली.

अजून एक राहिलंय. दोन वर्षांपूर्वी बाईंचं पत्र आलं. पुस्तक पुन्हा छापायचंय, त्या वेळी पाहण्यात काही चुकलं असेल तर मोकळेपणानं कळवा, आबा. आबा असंच लिहिलं होतं. मी गुरुजींकडून उत्तर लिहून घेतलं — सगळं बरोबर आहे. खाली सही माझी. सही मला चांगली येते.

विमल आता पंधरा-सोळाची असेल. आमच्याकडं कांदा खुरपायला येते, ओढा ओलांडून, त्याच बांधानं. मजुरीला येणाऱ्यांसाठी काट्या मी नेहमीच बाजूला केल्यात. पाव तासात पोचते.