हॅलो म्हणायचं नाही

भडगावच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारी दिपमालाताईंचं लॅपटॉप दुरुस्तीचं. त्यांच्याकडे एक नियम आहे. माईक तपासताना ‘हॅलो, हॅलो’ म्हणायचं नाही.

परवा हिलालआबा लॅपटॉप घेऊन आले. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं. व्हिडिओ कॉलवर सुरतच्या लेकीला ते दिसायचे, पण त्यांचा आवाज पोचत नव्हता. कोणीतरी सल्ला दिला होता, लिनक्सच काढून टाका. ताई भडकल्या. “पंखा फिरत नाही म्हणून कोणी घर पाडतं का?”

त्यांनी साउंडचं सेटिंग उघडलं. लॅपटॉप हेडफोनच्या माईकला कान लावून बसला होता आणि हेडफोन तर जोडलेलाच नव्हता. ताईंनी आतला माईक निवडला. आबा वाकून हळूच म्हणाले, “हॅलो.” स्क्रीनवरची आवाजाची पट्टी हलली. मी म्हटलं, झालं काम.

“काही झालं नाही,” ताई माझ्यावरच खेकसल्या. “घरी असे बोलतात का ते? आबा, लेकीला हाक मारा, नेहमीसारखी.”

आबांनी शेताच्या बांधावरून मारावी तशी हाक मारली, “किरण वं, ऐकू येस का?” पट्टी पार टोकाला गेली. ताईंनी केलेलं रेकॉर्डिंग ऐकलं, तर नुसती खरखर. ताईंनी माईकची पातळी उतरवली, पुन्हा हाक मारायला लावली, पुन्हा उतरवली. आबांना हळू बोलायला सांगणं सोपं होतं. ताईंनी ते एकदाही सांगितलं नाही.

मग सुरतला कॉल लावला. आबांनी तशीच हाक मारली.

“आबा, स्वच्छ ऐकू येतंय,” किरण हसत म्हणाली, “इतक्या जवळ बसून ओरडताय कशाला?”