पलीकडचा दट्ट्या

आमच्या घरात माणसं दोनच, मी आणि माझी लेक. ती चालायला लागायच्या आधीच तिचे वडील गेले. मी आंधळगावच्या शाळेत विज्ञान शिकवते आणि लेकही त्याच शाळेत. ती पहिल्यांदा माझ्या वर्गात येऊन बसली तेव्हाच मी बजावलं होतं, "शाळेत मी मॅडम. आई घरी." उगाच कोणी म्हणायला नको, मॅडम आपल्या पोरीचे लाड करते म्हणून. नियम चांगला होता आणि चालतही होता. शाळेचं फाटक ओलांडलं की "आई, भूक लागली" म्हणत ती माझा पदर धरायची.

यंदा नागपूरच्या एका निवासी शाळेत तिचा नंबर लागला आणि मी हो म्हणून टाकलं. गावातले लोक म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. पोरीनं मात्र जेवता जेवता मान वर केली आणि विचारलं, "तुले मी जड झाली का?"

मी भडकले. मी भडकते लवकर. "जड काहून होशील? तुझ्याच भल्याचं करून राहिली ना मी?"

तिनं ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, चहा घ्या."

आधी मला हसूच आलं. म्हटलं, फुगली आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल. कसचं काय! "मॅडम, तुमचा डबा भरला." "मॅडम, कूलरमध्ये पाणी टाकू का?" आपल्याच घरात, आपल्याच पोरीच्या तोंडून 'तुम्ही' ऐकायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. तिचे वडील गेले तेव्हाही मी इतकी एकटी पडले नव्हते, कारण तेव्हा ती मांडीवर होती. आता ती समोर बसून भात कालवत होती आणि माझ्याजवळ कोणीच नव्हतं. जाण्याआधी तिनं एकदा तरी आई म्हणावं, एवढंच मला हवं होतं. पण ते मागून कसं घ्यायचं?

तशातच शाळेचं उन्हाळी शिबिर आलं. नवतपा, म्हणजे आमच्याकडचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर, म्हणून सकाळी लवकर सुरू करायचं आणि ऊन चढायच्या आत पोरांना घरी पाठवायचं. त्या दिवशी आम्ही सिरिंजांचा जेसीबी करणार होतो. गावच्या तलावातला गाळ काढायला खराखुरा जेसीबी आला होता आणि पोरं दिवसभर त्याच्याच मागे, त्यामुळे दुसरं काही शिकवण्यात अर्थच नव्हता. सुई नसलेल्या दोन सिरिंजा, मधे सलाईनची नळी, आत पाणी. इकडचा दट्ट्या दाबला की पाणी ढकललं जातं आणि तिकडचा दट्ट्या वर येतो. त्याला पुठ्ठ्याचा हात बांधला की झाला जेसीबी.

सांगायला सोपं. वर्गात नुसता चिखल झाला होता.

"मॅडम, माहा जेसीबी उठूनच नाही राहिला!"

"कसा उठेल? नळीत केवढी हवा ठेवली! हवा दबते रे बाबा, पाणी दबत नाही. आधी हवा काढ."

काम जोडीनं करायचं होतं. लेकीची जोडीदारीण मामाकडे लग्नाला सानगडीला गेलेली. लेक बादलीपाशी एकटीच नळी घेऊन बसली होती, कोणाकडे बघत नव्हती. मी जवळ गेले. "मी बसते तुझ्यासोबत."

"बसा," ती म्हणाली.

बसा! मी बसले.

हवा काढण्यात मात्र ती पटाईत. अख्खी नळी पाण्यात बुडवून टिचक्या मारत तिनं एकेक बुडबुडा हुसकून लावला. आमचा जेसीबी झकास उठला. सगळ्यांचे झाल्यावर मी एक खेळ सांगितला. जोडीतल्या एकानं वर्गात बसायचं, दुसऱ्यानं खिडकीतून नळी काढून व्हरांड्यात. बोलायचं नाही, बघायचं नाही, पलीकडच्यानं किती वेळा दाबलं ते नुसतं अंगठ्यानं ओळखायचं. लेक आपली सिरिंज घेऊन बाहेर गेली आणि खिडकीखाली बसली. तिची वेणीसुद्धा मला दिसत नव्हती.

मी दाबला. जरा वेळानं माझा दट्ट्या वर सरकला. परत दाबायला गेले तर हलेना. तिनं पलीकडून धरून ठेवला होता. मी जोर लावला, तिनंही लावला. पाणी कुठे दबतंय? ती सोडेना आणि मीही सोडेना, आम्ही मायलेकी अशाच. पण तिच्या अंगठ्याची थरथर माझ्या अंगठ्याला स्पष्ट कळत होती. किती दिवसांनी पोरीनं हात लावला मला, असं मनात आलं आणि भर वर्गात माझे डोळे भरले.

मी अंगठा सैल सोडला. दट्ट्या सरसर वर आला आणि थांबला. मी अंगठा त्यावर नुसता टेकवून ठेवला.

मग खिडकीखालून आवाज आला, "आता तू दाब ना, आई."

वर्गात एकच गलका उडाला. "मॅडमले आई म्हटलं! मॅडमले आई म्हटलं!" एक कार्टं तर बाकावरच चढलं.

"मग काय मावशी म्हणेल?" मी ओरडले. "आईच आहे मी तिची! उतर खाली!"

आणि मी दाबला.

शाळा सुरू व्हायच्या वेळी मी तिला नागपूरला सोडून आले. फाटकाशी ती म्हणाली, "आई, वेळेवर जेवत जा." मी हो म्हटलं आणि बस पकडली.

जेसीबी ती घरीच ठेवून गेली. पुठ्ठ्याचा हात गळून पडलाय, पण नळीत अजून हवा शिरलेली नाही. संध्याकाळी शाळेतून आले की घर खायला उठतं. काल मी नळी स्वयंपाकघरातून तिच्या खोलीपर्यंत नेली. इकडे बसून दट्ट्या दाबला. तिकडचा वर आला असणार, त्यात शंका नाही, ते विज्ञानच आहे. मग वाट बघितली. भाजी चिरून झाली, भात झाला, माझा दट्ट्या होता तिथेच.

शेवटी मीच उठले, तिच्या खोलीत जाऊन तिकडचा दाबला आणि परत आले. माझा वर आलेला होता.

मी खाली बसले आणि पुन्हा दाबला.