बेडकाच्या नाकातली नथ

आसिफचा फोन आला तेव्हा मी मोंढ्यात जुन्या बारदान्याच्या एका गाडीचा भाव करत उभा होतो. गाडीवाला देगलूरचा, माझ्याइतकाच चिवट. मी दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वैतागून घेतला, तर पलीकडून आसिफ म्हणाला, "चाचा, अब्बा गेले." मी फोन खिशात ठेवला आणि गाडीवाल्याने मागितला तो भाव देऊन टाकला. घासाघीस न करता मी काही घेतल्याचं मला आठवत नाही. तो माणूस अजूनही भेटला की माझ्याकडे संशयाने बघतो. त्या पोत्यांत असं काय होतं, हे त्याला कोडंच आहे.

आसिफचे अब्बा म्हणजे रशीदभाई, आमच्या उदगिरातले लेडीज टेलर. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. जनाज्याला मी होतो, पण मागे, भिंतीला टेकून. कारण गेलं वर्ष-सव्वा वर्ष आमचं बोलणं बंद होतं. लोक विचारतात, शेवटी मिटलं का तुमचं? नाही मिटलं. त्यांनीच मला तोडलं होतं, आणि धड कारणही सांगितलं नव्हतं. तो राग घेऊनच मी त्या भिंतीला टेकलो होतो.

आमची ओळखही भांडणातूनच झाली. मी फाटकी पोती शिवत धंद्यात आलो. दाभण आणि सुतळी एवढंच भांडवल. त्यामुळे शिवणातलं आपल्याला कळतं, अशी माझी समजूत. बायकोच्या ब्लाऊजची बाही तंग झाली, म्हणून मी तावातावाने त्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बाही उलटी केली, आत सोडलेला मार्जिन दाखवला आणि म्हणाले, "अण्णा, एवढं बोलून राहिले तोवर बाही ढिली झाली असती." मी पुढे काही बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष वर गेलं. मशीनवर आडवी दोरी बांधलेली होती. दोरीवर तयार ब्लाऊज टांगलेले, आणि त्या ब्लाऊजांच्या मधोमध चार-पाच रबरी बेडूक, पाय खाली सोडून लटकलेले. एक हिरवा, एक पिवळा, एक काळा... पिवळ्यातून थेंब गळत होता.

मरळ मासा पाण्यावरच्या पानांत, शेवाळात दडून बसतो. त्याला गांडूळ-बिंडूळ लावण्यापेक्षा असा पोकळ रबराचा बेडूक पानांवरून टुणटुण नाचवत आणला की तो खालून उसळी मारतो. हे मला त्या दिवशी कळलं. मी लगेच पिवळ्याचा भाव विचारला. ते विकेनात. मी वाढवत गेलो, ते हसत गेले. शेवटी म्हणाले, बेडूक मिळणार न्हाई, रविवारी सोबत चला. अशी माझी घासाघीस आयुष्यात एकदाच हरली, आणि त्या हरण्यातून मला बरीच वर्षं रविवार मिळाले.

आम्ही करडखेडच्या तलावाच्या बाजूला जायचो, त्यांच्या जुन्या स्कूटरवर. माझी मोटारसायकल होती, पण डबा सांभाळायला स्कूटरची पायाजवळची जागाच बरी, असं त्यांचं म्हणणं. तो डबा म्हणजे धाग्याची रिळं ठेवायचा खणांचा पत्र्याचा डबा. एका बाजूला चमचे, म्हणजे पाण्यात चमकणारी पत्र्याची आमिषं, आणि लाकडी मासे. त्यांच्या प्रत्येक गळावर सरबताच्या नळीचा तुकडा चढवलेला, म्हणजे गळ एकमेकांत अडकत नाहीत आणि बोटातही घुसत नाहीत. दुसऱ्या बाजूला बेडूक. पण बेडूक उघडे नाहीत, एकेकाला स्वतंत्र पिशवी. दोन रंगांचं रबर उन्हाळ्यात एकमेकांना लागलं की चिकटतं, वितळतं, एकाचा रंग दुसऱ्याला बसतो. म्हणून त्यांनी कतरनीतून इवल्या इवल्या पिशव्या शिवल्या होत्या, नाडी ओढून बंद होणाऱ्या. आत कापडावर खुणा करायच्या खडूची पूड. हिरवा बेडूक कुणाच्या तरी शालूच्या ब्लाऊजपिसात, काळा शाळेच्या युनिफॉर्मच्या निळ्या कापडात. पिवळ्याची पिशवी माझ्या बायकोच्या त्या भांडणाच्या ब्लाऊजची होती. ती त्यांनी मुद्दाम शिवली होती, आणि दर रविवारी मला दिसेल अशी वर ठेवायचे.

ओला बेडूक डब्यात गेलेला त्यांना चालत नसे. कितीही उशीर होवो, परत आलो की आधी दुकान उघडायचं, बेडूक दाबून पोटातलं पाणी काढायचं, पाय सरळ करायचे आणि दोरीवर टांगायचे. उन्हात नाही, सावलीत. एकदा एका बाईच्या नव्या ब्लाऊजवर थेंब पडला. ती इतकी बोलली की रशीदभाईंनी तो ब्लाऊज फुकट पुन्हा शिवून दिला, पण दोरी हलवली नाही. आमच्या घरात मासा शिजत नाही, म्हणून मिळालेली मरळ त्यांच्या बायकोच्या, जुबेदाभाभींच्या चुलीवर जायची आणि मी तिथेच जेवायचो. भाभी म्हणायच्या, अण्णा, मासा तुमचा की यांचा ते आधी ठरवा, मग काटे कुणी काढायचे ते ठरेल.

पाण्यावर मात्र ते माझे उस्ताद होते, आणि मी वाईट शागीर्द. मरळीने उसळी मारली की मी तिथल्या तिथे झटका द्यायचो. बेडूक हवेत, मासा पाण्यात. ते शांतपणे म्हणायचे, "तिला तोंड मिटू द्या, अण्णा. तुमचंबी मिटा." दुसरी त्यांची तक्रार क्लिपवरून. दोऱ्याला बेडूक बांधायची त्यांची एक गाठ होती, सैल फासाची. त्या फासात बेडूक मोकळा हलतो, खरा वाटतो. मासा लागला की ते ती गाठ कापायचे आणि नवी बांधायचे, प्रत्येक वेळी, डोळे मिटून बांधावी इतकी सहज. मला ती कधी जमली नाही. पोती शिवलेली माझी बोटं जाड. मी बाजारातून लोखंडी क्लिपा आणल्या. क्लिप दोऱ्याला कायमची, बेडूक अडकवला की झालं. ते बघून त्यांना इतकं हसू आलं की काठी हातातून सुटली. "बेडकाच्या नाकात नथ घातली की तुम्ही! लग्न हाय का त्याचं?" नंतर वर्षानुवर्षं हीच चेष्टा. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी मला विचारायचे, नवरी तयार झाली का? मी चिडायचो. त्यांना मी चिडलेला आवडायचो, असं आता वाटतं.

मग त्यांनी येणं बंद केलं. पाणी गढूळ हाय, कंबर धरलीय, नात्यात लग्न हाय... दर रविवारी नवीन काही. मी धंद्यातला माणूस, टाळणारं गिऱ्हाईक मला दुरून ओळखू येतं. एका रविवारी मी सरळ दुकानासमोर गाडी लावली. मशीनवर आसिफ होता. रशीदभाई मागे खुर्चीत बसलेले, मांडीवर कापड, हात कापडाखाली. मी आलो तरी उठले नाहीत, हातही बाहेर काढला नाही. चला म्हणालो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही जावा, अण्णा. मला आता बोर होतं."

बोर होतं! इतक्या वर्षांच्या रविवारांना हा शब्द. दुकानात दोन बायका होत्या, त्यांच्यादेखत मी बोललो ते बोललो. तुमचे बेडूक तुम्हालाच लखलाभ, या दुकानाची पायरी चढणार नाही, असंही बोललो. आणि निघून आलो. मी वाट बघितली, की आज फोन येईल, उद्या येईल. तोडलं त्यांनी, तर जोडायचंही त्यांनीच, असा माझा हिशेब होता. फोन आला तो आसिफचा.

चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला भाभींनी निरोप धाडला. जेवण झाल्यावर त्यांनी तो पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, हे तुमचं हाय, ते तसंच म्हणायचे. मी नको म्हणालो. रागाने म्हणालो, खोटं कशाला बोलू. भाभी म्हणाल्या, उघडून तर बघा.

पिवळ्याची पिशवी वरच होती. नाडी ओढली, खडूची पूड बोटांना लागली आणि बेडूक बाहेर आला. त्याच्या नाकात क्लिप होती. मला वाटलं, माझीच एखादी राहिली असेल. काळा काढला, हिरवा काढला. सगळ्यांच्या नाकात क्लिप, नव्या कोऱ्या. लाकडी माशांनासुद्धा.

भाभींनी सांगितलं ते असं. साखरेच्या आजाराने त्यांची बोटं बधिर झाली होती. आधी सुई ओवता येईना, मग कात्री धरता येईना. सुई भाभी ओवून द्यायच्या, गिऱ्हाईक नसताना. मी त्या रविवारी गेलो तेव्हा हात कापडाखाली का होते, ते तेव्हा कळायला हवं होतं, पण कळणार कसं? दुपारी दार लावून ते गाठ बांधायला बसायचे. सुटायची. पुन्हा बांधायचे. शेवटी नांदेडहून आसिफकडून क्लिपा मागवल्या आणि त्याला समोर बसवून एकेका बेडकाला लावून घेतल्या. "म्हणले, आता जाता येतंय," भाभी सांगत होत्या. "मी म्हणलं, मग लावा की अण्णाला फोन. तर म्हणले, क्लिपवरून लई बोललोय गं त्यांना. आता कोणत्या तोंडाने? येतील ते आपोआप, चिडून."

मी गेलो नाही. ते बोलावत नव्हते, मी जात नव्हतो...

माझा राग गेला असं लिहिलं तर शोभेल, पण तो गेलेला नाही. उलट आता त्याला पाय फुटलेत. माणसाने एवढं मनात ठेवावं? मी काय हसलो असतो? हसलोच असतो. एक वर्षभर हसलो असतो, भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, आणि दर रविवारी त्यांच्या क्लिपेत बेडूक अडकवून दिला असता. माझा तेवढा हक्क होता. तो त्यांनी मला दिला नाही, ही माझी तक्रार आहे, आणि ती ऐकायला ते नाहीत.

डबा मी घरी आणला नाही. तो परत दुकानात, मशीनमागच्या फळीवर ठेवलाय. गेल्या रविवारी तिथून एकटा पिवळा बेडूक घेऊन करडखेडला गेलो. क्लिप काढली नाही. नाकात वजन असलं की बेडूक थोडा खाली वाकून चालतो, असं ते मला चिडवताना म्हणायचे, ते मी त्या दिवशी कबूल केलं. पानांच्या कडेला मोठी उसळी आली आणि मी झटका दिला. बेडूक हवेत, मासा पाण्यात. तोंड मिटू दिलं नाही, तिचंही आणि माझंही.

परत येऊन दुकानात गेलो. आसिफ कापत होता, मान वर न करता त्याने दोरीवरचे दोन ब्लाऊज बाजूला सरकवले. मी बेडूक दाबून पाणी काढलं, पाय सरळ केले आणि टांगला. एक बाई माप द्यायला आली होती. तिने वर पाहिलं आणि विचारलं, हे काय हो, आणि याच्या नाकात काय?

आसिफ माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "नथ हाय. लग्न हाय त्याचं."