सगळी पोरं म्हणे एकच माणूस

'एकाच व्यक्तीने अनेक नावांनी केलेला उपद्रव.' संगणकाच्या पडद्यावर ही ओळ वाचली, तेव्हा ती 'एक व्यक्ती' माझ्या पाठीमागे पंधरावीस डोक्यांनिशी उभी होती. इतकी वर्षं झाली, तरी ती ओळ आठवली की माझं डोकं तापतं.

मी तेव्हा वडवणीच्या एका कॉलेजात मराठी शिकवत होते. देश जगाला खुला झाला म्हणून शहरांत काचेच्या इमारती उठत होत्या. आमच्या वाट्याला त्यातलं एवढंच आलं, की कॉलेजात संगणकांची खोली झाली आणि तिथवर इंटरनेटची तार आली. धूळ बसते म्हणून संगणकांवर कापडं आणि पोरं बिघडवतात म्हणून दाराला कुलूप! प्राचार्यांशी भांडून मी शनिवारची दुपार मिळवली. कारण मला इंटरनेटवर एक ज्ञानकोश सापडला होता, कुणीही वाचावा आणि कुणीही त्यात लिहावं असा. मराठीत त्यात तेव्हा थोडकीच पानं होती. परदेशातल्या नद्यांची माहिती होती, आमच्या बालाघाटाची नव्हती.

मी पोरांना शिकवलं, की नाव नोंदवून लिहायचं, स्वतःचं मत घुसडायचं नाही, पुस्तकातून उतरवून काढायचं नाही आणि आपलं लिहिलेलं कुणी दुरुस्त केलं तर रुसायचं नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगी होती, धनगराची. घरी मेंढरं, मामांकडे घोंगड्या विणायचा माग. वर्गात तिचं तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. एका शनिवारी जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, घोंगडीवर लिवलं तर चालंल का?"

"कावून न्हाई?" मी तिच्याच बोलीत म्हणाले. ती पहिल्यांदा हसली.

एका बोटानं एकेक अक्षर शोधत तिनं ते पान लिहिलं. लोकर कधी कातरतात, सूत कसं काततात, चिंचोक्याची खळ कशी देतात, सगळं. पुढच्या शनिवारी पान उघडलं तर कोरं. कोपऱ्यात कुणा जुन्या संपादकाचा शेरा: 'संदर्भ नाही. भाषा अशुद्ध.'

"अशुद्ध म्हंजी?" तिनं विचारलं. मी काय सांगणार? तिनं 'कातरत्यात' लिहिलं होतं. मी 'कातरतात' केलं असतं आणि काम भागलं असतं. त्यासाठी अख्खं पान पुसायचं?

बाकीची पोरं पेटली. किराणा दुकानदाराचा एक मुलगा होता, त्याचा हात सगळ्यांत जलद चालायचा. त्यानं पान परत आणलं. ते पुन्हा पुसलं गेलं. दुसऱ्यानं शुद्धलेखन सुधारून पुन्हा ठेवलं. मग तिसऱ्यानं. मी थांबवायच्या आत आमची सगळी नावं बंद झाली आणि ती 'एकाच व्यक्ती'ची ओळ आली.

कारण मला जरा वेळानं उमगलं. आमच्या खोलीत तार एकच. तिकडून बघणाऱ्याला सगळे संगणक एकाच पत्त्यावरचे दिसत होते.

"म्हंजी आपुन सगळे मिळून एकच हाव का बे?" एक जण म्हणाला आणि खोली हसली. धनगराची पोरगी हसली नाही.

"मॅडम, आपुन हाव, हे त्यांला सांगायचं कसं?"

नावांबरोबर कॉलेजचा तो पत्ताही बंद झाला होता, तिथून लिहायची सोय उरली नव्हती. मग रविवारी मी तिला, त्या दुकानदाराच्या मुलाला आणि आणखी दोघींना घेऊन एस.टी.नं बीडला गेले. तिथल्या सायबर कॅफेत बसून नाव न नोंदवताच त्या संपादकाला लिहिलं, की ही माझी विद्यार्थी मंडळी आहेत, पुसायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतं. आम्ही तिथंच होतो तोवर उत्तर आलं: 'वेगवेगळ्या व्यक्ती असल्याचा पुरावा?'

वर्गात हजेरी घेताना मी ज्यांची नावं पुकारते, त्यांच्या असण्याचा पुरावा मागणारा हा कोण? मी काहीतरी फार वाईट लिहिणार होते. तेवढ्यात त्या मुलीनं कीबोर्ड आपल्याकडे ओढला. "मी लिवते."

तिनं लिहिलं, 'मी मेंढपाळाची मुलगी आहे. माझ्याशेजारी किराणा दुकानदाराचा मुलगा बसला आहे. त्याला मेंढी कातरता येत नाही आणि मला साखरेचा भाव माहीत नाही. आम्ही एकच कसे असू?'

त्यावर उत्तर आलं नाही. आम्ही परतीची गाडी पकडली.

दोन दिवसांनी नावं खुली झाली. खाली लिहिलं होतं, 'गैरसमजातून कारवाई झाली होती.' मी व्याकरण शिकवणारी बाई. 'झाली होती' म्हणजे काय? आपोआप झाली? करणाऱ्याचा पत्ता नाही आणि माफीचा शब्द नाही! पुढच्या शनिवारी निम्मी पोरं आलीच नाहीत. "जाऊ द्या मॅडम, त्यांचं त्यांला लखलाभ," असं एकानं मला जिन्यात सांगितलं. तो गेला याचं दुःख मला पान गेल्यापेक्षा जास्त झालं.

संदर्भाचा नियम चूक होता असं मी म्हणणार नाही. वाचणाऱ्याला पडताळता आलं पाहिजे, हे मीच शिकवत होते. पण घोंगडीवर पुस्तक लिहिलं होतं कुणी? आमचं ग्रंथालय धुंडाळून जिल्ह्याच्या एका जुन्या सरकारी ग्रंथात एक वाक्य मिळालं, की या भागात घोंगड्या विणतात. पानावर तेवढंच वाक्य टिकलं.

पुढच्या वर्षी एका वर्तमानपत्राचा माणूस गाडी करून तिच्या मामांकडे आला, दुपारभर बसला, आणि त्याचा लेख छापून आला. महिनाभरात तो सगळा मजकूर ज्ञानकोशात चढला, खाली त्याच्या नावाचा संदर्भ. कुणी पुसला नाही. मामांनी भाचीला सांगितलेलं खोटं आणि त्याला सांगितलेलं खरं! मी तिच्यासमोर तावातावानं बोलले. माझं झाल्यावर ती म्हणाली,

"मॅडम, छापलं की खरं हुतंय ना? मग आपुन छापून आणू."

चाऱ्यासाठी मेंढरं घेऊन घाटाखाली उतरणाऱ्या आपल्या माणसांवर तिनं लिहिलं. किती वेळा लिहून घेतलं मी तिच्याकडून! बीडच्या एका दैनिकानं ते रविवारी छापलं. दुकानदाराच्या मुलानं त्याचा संदर्भ देऊन ज्ञानकोशात नवं पान केलं. ते टिकलं. पोरं टाळ्या वाजवत होती, तीही वाजवत होती. मीही वाजवल्या, पण माझा राग उतरला नव्हता.