काकासाहेबांच्या नकाशातलं गाव

शहरात, पुंडलिकनगरात काकासाहेबांकडं चहा मिळायचा, पण नकाशा बघितल्यावर. शहागंजातल्या रद्दीवाल्याकडं त्यांना सातमाळ्याच्या डोंगराचा निजामाच्या राजवटीतला मोजणीचा नकाशा सापडला होता. तेव्हापासून सारा डोंगर सातबाऱ्यावर चढल्यागत त्यांची मान ताठ झाली होती. प्रत्यक्ष डोंगर चढणं त्यांनी गुडघ्याचं निमित्त काढून कधीच सोडलं होतं. आता तर त्याची गरजही उरली नव्हती.

फ्रेम त्यांनी तयारच घेतली, कारण ती सोनेरी होती. कारागीर म्हणाला, "नक्शे का किनारा थोडा काटना पडता, साब."

"काट की. कडंला काय असतंय? फालतू." काकासाहेबांनी कात्रीकडं बघितलंसुद्धा नाही. ते फ्रेमवरची नक्षी बघत होते.

त्याच वर्षी त्यांच्या गावात, डोंगराच्या पायथ्याला पिंपळदऱ्यात, वर पठारावरच्या धनगरवस्तीला रस्ता द्यायचं घाटत होतं. रस्ता काकासाहेबांच्या बांधावरून जाणार होता. वस्तीवरची अडलेली बाई झोळीत घालून खाली आणतात, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण बांध तो बांध. ग्रामसभेला ते नकाशा घेऊन निघाले. एसटीत त्याला खिडकीची जागा दिली.

पारावर नकाशा उभा करून ते म्हणाले, "बघा. मोजणीवाल्यानं विहीर दाखवली, पायवाट दाखवली, एकटं झाडसुद्धा सोडलं नाय. वस्ती कुठंय? नकाशावर नाय म्हंजे नाय. तुम्ही मागनं आलेले उपरे."

वस्तीवरची म्हातारी बानाबाई पदर सावरत पुढं आली. "लई झ्याक हाय. आन् आपलं पिंपळदरा कुठशी आलं ह्यात, काकासाहेब?"

"हे काय..." बोट पठारावरून रुबाबात खाली उतरलं आणि सोनेरी लाकडाला थटलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा उतरलं, पुन्हा थटलं.

"होतं हो इथंच. फ्रेमवाल्यानं कापलं."

"असं व्हय! मंग आमची वस्ती बी कुणीतरी कापली आसंल. पर गावच नाय, तर ही सभा कुठं भरलीय म्हणायची?"

सभा इतकी हसली, की ठराव कुणाला ऐकूच गेला नाही. हात मात्र सगळ्यांचे वर झाले. रस्ता मंजूर झाला.

तो रस्ता आपणच दान दिला, असं काकासाहेब आता पुंडलिकनगरात सांगतात. नकाशाच्या खालच्या कडेवर कॅलेंडर लटकतं, आणि पाहुणा टेकायच्या आत चहा येतो.